चौथी प्लेट

रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला ताई दारात उभी राहिली, तेव्हा आईनं आधी तिच्या पायांकडे पाहिलं. एका पायात काळी चप्पल होती, दुसऱ्यात तपकिरी.

"काय झालं?"

"काही नाही. ती जुनी रजिस्टरं हवी होती."

"गेल्या रविवारीच तर खारू येऊन फोटो काढून गेली त्यांचे."

"फोटो नकोत आई. रजिस्टर बघायचंय."

आईनं तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. 'काही नाही'च्या मागे काय काय असतं हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि फार विचारलं की लाइन कटते हेही. ती बाजूला झाली. ताई सरळ मागच्या खोलीत गेली, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून फरशीवरच बसली. चोपन्न वर्षांची बाई, नवजात बाळांच्या आजारांवर एकशे अठरा पेपर नावावर असलेली, देशोदेशींच्या डॉक्टरांपुढे भाषणं करून आलेली; पण आईच्या घरात ती खुर्चीवर कधी बसलीच नाही.

जुनी प्रयोगशाळा पाडली तेव्हा फेकून द्यायच्या ढिगातून तिनं ही अकरा रजिस्टरं उचलून इथे आणून ठेवली होती. आई दर महिन्याला ती काढून पुसायची. आत काय लिहिलंय हे तिनं कधी पाहिलं नव्हतं, तरी इतकी वर्षं पुसून पुसून त्यांच्यावर आपलाही थोडा हक्क आहे असं तिला वाटे. म्हणून ताईनं सातवं रजिस्टर उघडलं आणि एका पानावर तळहात ठेवून ती हललीच नाही, तेव्हा आई तिच्याशेजारी येऊन वाकली.

"उद्या अर्ज जायचाय ना तुझा?" तिनं हळूच विचारलं.

"उद्या दुपारी बारापर्यंत."

संस्थेच्या संचालकपदाचा अर्ज. गेले तीन महिने या कुटुंबात दुसरा विषय नव्हता. निवड समितीला ताईचे सगळ्यांत गाजलेले पाच पेपर हवे होते, त्यांच्या मूळ नोंदींसकट. आणि पाचांतला पहिला पेपर ज्यावर उभा होता, तेच हे सातवं रजिस्टर होतं.

*

खारू ही ताईची लेक. लहानपणी सापडेल ते कुठेतरी दडवून ठेवायची म्हणून खारू. आता ती एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती, आणि कुणाच्या पेपरचा हवाला कुणी, कुठे, किती वेळा दिला हे मोजणं हेच तिचं काम होतं. अशा प्रत्येक हवाल्याला सायटेशन म्हणतात, आणि संशोधकांच्या जगात माणसाची उंची त्यावर मोजतात. आपल्या आईची, म्हणजे ताईची, उंची खारूला तोंडपाठ होती. एकूण सायटेशन तीन हजार चारशे बारा. त्यांतली एकट्या पहिल्या पेपरची अकराशे शेचाळीस.

दहा वाजता ती लॅपटॉप घेऊन आली, तेव्हा रजिस्टर जेवणाच्या टेबलावर होतं आणि आजी नि आई दोघी त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशा बघत होत्या.

"ये," ताई म्हणाली. "काल संध्याकाळी तू काढलेले फोटो मोठे करून पाहत होते. ही चौथी प्लेट बघ."

शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते. एकेका खळग्यात एकेका बाळाच्या रक्ताचा थेंब टाकायचा आणि यंत्रानं त्यातलं एक प्रथिन किती आहे ते वाचायचं. अशा सहा प्लेटा. प्रत्येकीच्या पहिल्या दोन खळग्यांत नुसतं पाणी, म्हणजे तिथं शून्य यायला हवं; मग अर्ध्यांत निरोगी बाळं, उरलेल्यांत आजारी. पाच प्लेटांत तसंच होतं. चौथीत पहिल्या दोन खळग्यांवर चाळीस-चाळीस लिहिलेलं होतं, आणि शून्यं बसली होती अगदी शेवटी.

खारूला समजायला फार वेळ लागला नाही.

"उलटी ठेवली गेली."

"उलटी. आजारी बाळांचे आकडे निरोगी बाळांच्या नावावर गेले, निरोगी बाळांचे आजारींच्या."

"म्हणजे पहिलं बटण चुकलं," आजी म्हणाली, "की गळ्यापर्यंत शर्ट चुकत जातो."

"तसंच."

खारूचं बोट पानावर थांबलं. त्या चाळिसाभोवती लाल पेन्सिलचं वर्तुळ होतं आणि शेजारी प्रश्नचिन्ह.

"हे लाल कुणी केलं?"

"मी," ताई म्हणाली. "तेव्हा. मला दिसलं होतं. पेपर पाठवायला चार दिवस उरले होते, वाटलं यंत्रानं खोड काढली असेल. एकाच प्लेटचं तर आहे, म्हणून सोडून दिलं."

आईच्या तोंडून 'सोडून दिलं' हे खारूनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. शाळेच्या वहीतला काना राहिला तर पान फाडायला लावणारी बाई ही. खारूला तिचा राग यायला हवा होता. आला तो उमाळा. ती उठली, टेबलापाशी उभ्या आईच्या मागे गेली आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

"चल," ती म्हणाली. "प्लेट सरळ करून पुन्हा हिशोब मांडू."

*

बाई आली तेव्हा साडेअकरा झाले होते. बाई म्हणजे आईची सून, ताईच्या धाकट्या भावाची बायको. शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे नवऱ्यापासून सासूपर्यंत सगळे तिला बाईच म्हणत. दर रविवारी दुपारचं जेवण सगळ्यांचं आईकडे असायचं; नवरा चष्म्याचं दुकान एकला बंद करून मागाहून यायचा. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली, टेबलाकडे एक नजर टाकली आणि कुणी न सांगताच तिला कळलं की आज बटाटे आपल्यालाच सोलायचेत.

खारूनं सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिली. मग सोलाणं हातात घेऊनच तिनं विचारलं, "ही प्लेट कुणी भरली होती?"

ताईनं रजिस्टर तिच्याकडे वळवलं. अक्षर सगळ्यांनाच ओळखू येत होतं. डावीकडे कललेलं, पुसटलेल्या शाईचं. घरात डावखुरा एकच होता.

"अस्सं," बाई म्हणाली. "आई, जरा आत या."

स्वयंपाकघराचं दार लोटलं गेलं खरं, पण त्या दाराला फट होती आणि बाईला वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय.

"ह्यांना कळता कामा नये. परीक्षेत नापास झाले, नोकरी टिकली नाही, सगळं झालं, पण तो एक पेपर आहे त्यांच्याकडे. दुकानात चष्मा करायला आलेल्या माणसालासुद्धा सांगतात, बहिणीच्या त्या पेपरमध्ये प्लेटा माझ्या हातच्या होत्या म्हणून. आता त्यांना काय सांगायचं, की सगळी माती तुमच्याच हातानं झाली?"

"माझंही तेच म्हणणं आहे," आई म्हणाली. तिला एकीकडे मुलगा होता, दुसरीकडे मुलीचं संचालकपद, आणि गप्प बसण्यात दोघांचंही भलं दिसत होतं. असा योग आईच्या वाट्याला क्वचितच येतो. "बावीस वर्षं झाकलेलं राहिलं, आणखी दोन महिने राहिलं तर कुणाचं काय जातंय? एकदा खुर्चीत बसली की करेल दुरुस्ती."

दार ढकलून खारू आत आली. "आजी, मग लोक म्हणतील खुर्ची मिळेपर्यंत दडवून ठेवलं. आणि ते खरंच असेल."

"तू लहान आहेस."

"मी चोवीसची आहे."

"हो, पण इथं लहान आहेस."

बाईनं मोर्चा वळवला. "बरं, पेपर मागे घेतला तर नेमकं किती कमी होतं? आकडा सांग."

"तीन हजार चारशे बारातून अकराशे शेचाळीस गेले की दोन हजार दोनशे सहासष्ट. म्हणजे पुसले जात नाहीत ते, पण पेपरच्या माथ्यावर 'मागे घेतलेला' असा लाल शिक्का बसतो. समिती मग ते धरत नाही."

"आणि दुसरा उमेदवार?"

"तो तीन हजारांवर आहे."

"मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाली. "ताई, ऐकताय ना? दोन महिने थांबा."

ताई उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात खारूनं नव्यानं मांडलेल्या हिशोबाचा कागद होता.

"माझं दोन महिन्यांनी काही बिघडत नाही गं. बाळांचं बिघडतं. त्या पेपरनं एक आकडा ठरवला होता. बाळाच्या रक्तात ते प्रथिन चौदाच्या वर गेलं, तर जंतुसंसर्गाची शंका धरायची. पुन्हा रक्त काढायचं, बाळाला दोन दिवस आईपासून वेगळं ठेवायचं. कितीतरी दवाखान्यांत अजून तोच नियम आहे. प्लेट सरळ केली की तो आकडा चौदा येत नाही. सतरा येतो. म्हणजे चौदा ते सतरामधल्या सगळ्या बाळांना आपण उगाच टोचत आलो."

बाईच्या हातातलं सोलाणं थांबलं.

"आमच्याचा पंधरा पॉइंट दोन होता," ती म्हणाली.

मुलगा आता एकोणीस वर्षांचा होता, दुसऱ्या शहरात कॉलेजात शिकत होता आणि फोन उचलत नव्हता. पण पंधरा पॉइंट दोन हा आकडा बाई कुठल्या वर्गात, कुठल्या फळ्यापुढे कधी विसरली नव्हती. काचेची पेटी, इवल्याशा टाचेवर चिकटपट्टी, आणि काचेबाहेर उभी असलेली ती, भिजलेल्या कपड्यांत, छातीत दूध दाटून आलेलं आणि जवळ मूल नाही.

"मीच सांगितलं होतं ठेवा म्हणून," ताई म्हणाली. "डॉक्टर सोडायला तयार होते. मी फोनवर म्हटलं, नियम आहे, पंधरा म्हणजे ठेवायलाच हवं. माझाच नियम होता ना. मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा."

तिचा आवाज फाटला आणि ती रडायला लागली. रडायची सवय नसलेली माणसं रडतात तसं, खोकल्यासारखं. आई पुढे व्हायच्या आधी बाई पुढे झाली. बटाट्याच्या हातांनीच तिनं ताईचे दोन्ही दंड धरले.

"पुरे. घरी आलं ना माझं पोर दोन दिवसांनी? धडधाकट आहे, उलट उत्तरं देतंय. पण आज कुठे कुणी उभी असेल काचेबाहेर." ती थांबली. "पाठवा पत्र, पेपर मागे घेतोय म्हणून. ह्यांना मी सांगते."

आईनं आपल्या बाजूला आता कुणी उरलं नाही हे पाहिलं आणि निमूटपणे बटाटे सोलायला घेतले.

*

डावऱ्या सव्वा वाजता आला. हे नाव त्याला वडिलांनी ठेवलं होतं आणि पन्नाशीला आला तरी ते काही सुटलं नव्हतं. आल्या आल्या त्याच्याशी चारही बायका इतक्या गोड बोलायला लागल्या, की त्यानं आधी सगळ्यांची तब्येत विचारली.

"अहो, बसा जरा. सांगायचंय," बाई म्हणाली.

पण टेबलावर रजिस्टर उघडंच होतं. त्यानं स्वतःचं अक्षर ओळखलं, खुशीत खिशातून जवळचा चष्मा काढला आणि वाकला. अर्धं मिनिट गेलं असेल.

"उलटी गेली की ही," तो म्हणाला.

बाईनं तयार केलेली सगळी वाक्यं वाया गेली.

त्यानं तारीख पाहिली. "खारूला ताप होता त्या दिवशी. तू घरी थांबली होतीस. एरवी प्लेट तू मांडून द्यायचीस, मी नुसती भरायचो. त्या दिवशी मीच मांडली. मला डाव्या हातानं भरायचं, म्हणून फिरवून घेतली असणार. आणि यंत्रात ठेवताना परत सरळ करायची राहिली." त्यानं चष्मा काढला आणि रुमालानं पुसत बसला. दिवसभर लोकांचे चष्मे पुसणारा माणूस, पण या वेळी त्याला काच काही स्वच्छ होईना.

"मग तिसरी गुन्हेगार मी," खारू म्हणाली. "मला तापच यायला नको होता."

कुणी हसलं नाही. तरी तिनं म्हटलं म्हणून बरं वाटलं.

ताईनं आपल्या हातातला कागद त्याच्यापुढे ठेवला. पेपर छापणाऱ्या मासिकाला पाठवायचं पत्र तिनं लिहून काढलं होतं. पेपर का मागे घेतोय, काय चुकलं, आणि शेवटी एक ओळ: ही चूक सर्वस्वी पहिल्या लेखिकेची आहे.

डावऱ्यानं चष्मा चढवून वाचलं. "हे खोटं आहे."

"खोटं कसं? लाल वर्तुळ माझं आहे. मी पाहिलं आणि सोडून दिलं."

"आणि फिरवली कुणी?"

"ते महत्त्वाचं नाही. बघितल्यावर सोडून देणं जास्त वाईट."

"वा! म्हणजे मोठी चूक मोठ्या बहिणीची, माझ्या वाट्याला काहीच नाही?"

"अरे, तुझं नाव त्या पेपरमध्ये कुठेच नाही. आभारात नुसतं 'प्रयोगशाळेतील सहकारी' एवढंच आहे. तुला कोण विचारणार? कशाला ओढू मी तुला यात?"

"चार महिने सहाही प्लेटा मी भरल्यात ताई. सहाही. पाच सरळ आणि एक उलटी."

आई काहीतरी बोलणार होती, पण बाईनं तिचा हात दाबला. दोघी भावंडांकडे पाहत राहिल्या. या घरात जमिनीच्या तुकड्यावरून, जुन्या कपाटावरून भांडणं झाली होती; चुकीवर हक्क सांगताना आईनं आपली मुलं आजच पाहिली.

"संचालकपद मिळणार नाही मग तुला," डावऱ्या म्हणाला.

"बहुतेक नाही," उत्तर खारूनं दिलं. "मी यादी बदलली आहे. पहिल्या पेपरपुढे 'मागे घेत आहोत' असं लिहून तीच उद्या पाठवतोय."

"मिळालं तर मिळालं," ताई म्हणाली. "ते सकाळीच मनातून उतरलं माझ्या. मला दुसरंच बोलायचंय. आई, बाई, तुम्हीही ऐका, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही." ती पुन्हा बसली, या वेळी खुर्चीवर, भावासमोर. "पेपर छापायला गेला तेव्हा तू विचारलं होतंस, माझं नाव येईल का. मी म्हटलं, प्रयोगशाळेचे सर नको म्हणाले."

"हं."

"सरांना मी विचारलंच नव्हतं."

डावऱ्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पहिला मोठा पेपर होता माझा. एकाच आडनावाची दोन नावं दिसली की लोक म्हणतील, घरचाच कारखाना आहे. असं मी मनाला सांगितलं. पण खरं ते नव्हतं. मला तो एकटीचा हवा होता. अकराशे शेचाळीस जणांनी त्याचा हवाला दिला, आणि दर वेळी मला आधी तूच आठवायचास. मग कामाला लागले की विसरायचे."

डावऱ्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"प्रयोगशाळेतली नोकरी सोडली त्या दिवशी सरच म्हणाले, तुझ्या बहिणीनं सुचवलं असतं तर मी तुझं नाव घातलं असतं."

बोलली ती बाई. "मला कधी सांगितलं नाहीत!"

"सांगितलं असतं तर तू हिला वर्गाबाहेर उभी केली असतीस." तो ताईकडे वळला. "रागावलो होतो की. दोन वर्षं तुझ्याकडे पाऊल टाकलं नाही. तुला वाटायचं, दुकान नवीन आहे, गडबडीत असेल. मग पोरगं झालं, पेटीत ठेवलं. तू बाईला जबरदस्तीनं घरी झोपायला पाठवलंस आणि स्वतः दोन दिवस त्या काचेजवळ स्टुलावर बसून राहिलीस. जेवलीसुद्धा नाहीस. मला राग धरून ठेवायचा होता गं, फार ठेवायचा होता. जमलं नाही."

"तू एकदा तरी बोलायचंस मला."

"तू विचारायचंस. मी तेवढ्याचीच वाट बघत होतो. पेपर गेला खड्ड्यात, एकदा तू मला विचारावंस, एवढंच."

आई पदरानं डोळे पुसत होती आणि आपण कांदा चिरतोय असं दाखवत होती. कांदा अजून टोपलीतच होता.

"मग आता विचार," डावऱ्या म्हणाला.

"आता काय विचारू? आता तर पेपरच मागे घेतोय. आता नाव यायचं ते चुकीखाली. पेपर काढून बघणाऱ्या प्रत्येकाला ते आधी दिसणार."

"दिसू दे. तू विचार तर."

ताईनं पत्र ओढून घेतलं. शेवटच्या ओळीतलं 'सर्वस्वी' तिनं खोडलं आणि पेन तिथंच धरून ठेवलं. शेकडो माणसांपुढे कागद न पाहता बोलणारी ताई, पण तिला हे एक वाक्य जुळवायला दोनदा घसा खाकरावा लागला.

"डावऱ्या, तुझं नाव माझ्या नावाशेजारी घालू?"

तिला थोडं थांबवायचा त्याला हक्क होता, आणि तो त्यानं पुरेपूर वापरला.

"घाल," तो म्हणाला.